केस विरळ होऊ लागले, तर औषधाचा विचार आधी का आणि कसा करावा

भांग पूर्वीपेक्षा रुंद दिसू लागला, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरू लागले किंवा डोक्याच्या मध्यावरची कातडी ट्यूबलाइटच्या उजेडात दिसू लागली, की आपल्या घरांत पहिला उपाय सहसा तेल बदलण्याचा होतो. मग शांपू बदलतो, मग बोअरवेलच्या पाण्याला दोष दिला जातो, मग कुणीतरी कांद्याचा रस सुचवतो, आणि या खटाटोपात दीड-दोन वर्षे निघून जातात. खोबरेल तेलाने केस मऊ राहतात आणि तुटायचे कमी होतात हे खरे आहे. परंतु जो केस आनुवंशिक कारणाने मुळापासूनच बारीक होत चालला आहे, त्याला तेलाने जाडी परत मिळत नाही. औषधाचा उपयोग मात्र याच सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त होतो. म्हणूनच ज्यांना पुढेमागे केशरोपण करून घ्यायचे आहे, त्यांनीही आधी औषधाचा विचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे. हा विचार कोणत्या क्रमाने करायचा, ते पुढे सविस्तर दिले आहे.

आधी शरीरात काय घडते ते समजून घ्या

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतला प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे थबकतो, सुमारे तीन महिने विश्रांतीत राहतो आणि मग गळतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगी डोक्याचेच लक्षण आहे. आनुवंशिक टक्कलात बिघाड होतो तो या चक्रात. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून ‘५-अल्फा रिडक्टेज’ नावाचे विकर (एन्झाइम) डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजेच डीएचटी, तयार करते. ज्यांची कपाळावरची आणि टाळूवरची केशमुळे जन्मतःच डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांच्या केसांचा वाढीचा काळ दर चक्राला आखूड होत जातो, मूळ लहान होते आणि जाड काळ्या केसाच्या जागी शेवटी नुसती लव उरते. मानेजवळची आणि कानांवरची मुळे अशी संवेदनशील नसतात, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाच्याही मागच्या बाजूला केसांची झालर टिकून राहते.

मूळ लहान झालेले असले तरी जिवंत असेपर्यंत त्याला काही प्रमाणात पूर्ववत करता येते. जी जागा अनेक वर्षे गुळगुळीत आहे, तिथे औषधाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. औषधाचे मुख्य काम आहेत ते केस राखण्याचे असते आणि नवे उगवले तर तो वरचा लाभ समजावा. ही अपेक्षा सुरुवातीलाच नीट ठरली नाही, तर चौथ्या महिन्यात निराश होऊन औषध सोडले जाते.

पहिली पायरी : हे नक्की आनुवंशिकच आहे का, ते ठरवा

औषध सुरू करण्यापूर्वी केस का जात आहेत याचे उत्तर हातात हवे, कारण कारण वेगळे असेल तर उपचारही पूर्णपणे वेगळा असतो. घरच्या घरी एक साधे निरीक्षण करता येते. कंगव्यातले आणि न्हाणीघराच्या जाळीवरचे केस पांढऱ्या कागदावर पसरून पाहावेत. गळालेले बहुतेक केस लांब, जाड आणि मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरा मणी असलेले असतील, तर ती तात्पुरती केसगळती असण्याची शक्यता मोठी असते. त्यांत बारीक, आखूड, फिकट केस मोठ्या प्रमाणात दिसू लागले, तर केशमुळे लहान होत आहेत असा संशय घ्यावा.

तात्पुरती गळती तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, अतिरेकी डाएट किंवा जबर मानसिक धक्का यांनंतर दोन ते तीन महिन्यांनी सुरू होते. गोव्यात हे विशेष लक्षात ठेवायला हवे. श्रावणात डेंग्यू झालेल्या माणसाचे केस चवथ उलटून गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, मुठीमुठीने गळू लागतात आणि तोवर तापाची आठवणही पुसट झालेली असते. अशी गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते आणि तिच्यासाठी आयुष्यभराचे औषध सुरू करण्याचे काहीच कारण नसते.

गोल, गुळगुळीत चकती अचानक पडली असेल तर ती चाई असू शकते आणि तिचा उपचार निराळा असतो. कातडी लाल, दुखरी, पू धरलेली असेल किंवा व्रण पडल्यासारखी चकचकीत होऊन तिच्यावरची छिद्रेच नाहीशी झाली असतील, तर आठवड्याभरात त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, कारण अशा आजारात गेलेले मूळ परत येत नाही. काही औषधांमुळेही केस गळतात. मुरुमांसाठीच्या रेटिनॉइड गोळ्या, अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारी काही औषधे आणि जिममध्ये घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने ही त्यांतली नेहमी आढळणारी उदाहरणे आहेत. जिममधल्या इंजेक्शनाची गोष्ट तरुण मुले डॉक्टरांपासून लपवतात. ती सांगितलीच पाहिजे.

दुसरी पायरी : त्वचारोगतज्ज्ञाची भेट आणि तपासण्या

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को या शहरांत खासगी त्वचारोगतज्ज्ञही आहेत. पेडणे किंवा सत्तरीतल्या माणसाला एक दिवस मोडावा लागतो, पण पुढे अनेक वर्षे चालणाऱ्या उपचारापूर्वी तो एक दिवस द्यायलाच हवा. भेटीच्या आदल्या दिवशी केस धुवावेत आणि तेल, जेल किंवा केस दाट दाखवणारी भुकटी लावू नये. सोबत चार-पाच वर्षांपूर्वीचे फोटो, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी आणि गेल्या वर्षभरातल्या आजारपणाचे कागद न्यावेत. वडिलांकडच्या आणि आईकडच्या अशा दोन्ही घरांतल्या पुरुषांचे व स्त्रियांचे केस कसे होते याची माहितीही विचारून ठेवावी, कारण टक्कल फक्त आजोळकडून येते हा समज खरा नाही.

डॉक्टर चिमटीत ५०-६० केस धरून हलके ओढतात आणि किती हातात येतात ते पाहतात. त्यानंतर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून टाळू तपासतात. शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत मोठा फरक दिसला, तर आनुवंशिक विरळपणाचे निदान बरेचसे पक्के होते. पुरुषांमधली पातळी हॅमिल्टन-नॉरवुड या मापाने सांगतात. हॅमिल्टन यांनी १९५१ साली ते मांडले आणि नॉरवुड यांनी १९७५ साली ते सुधारले. स्त्रियांसाठी १९७७चे लुडविग यांचे माप वापरले जाते. आपली पातळी कागदावर लिहून मागावी, म्हणजे वर्षाने तुलना करता येते.

रक्ताच्या तपासण्या सरसकट सर्वांना लागत नाहीत. पण स्त्रियांना, शाकाहारी व्यक्तींना आणि ज्यांची गळती सगळ्या डोक्यावर पसरलेली आहे त्यांना हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या सहसा सांगितल्या जातात. ‘केसांसाठी’ म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या प्रयोगशाळेत आवर्जून सांगाव्यात. बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ साली दिला आहे. बायोटिनची कमतरता नसलेल्या माणसाला त्या गोळ्यांनी केस येत असल्याचा भक्कम पुरावाही नाही.

तिसरी पायरी : फोटो काढून ठेवा

रोज आरशात पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही, आणि घाबरलेल्याला नसलेला बदलही दिसतो. म्हणून औषधाचा पहिला थेंब लावण्याआधी फोटो घ्यावेत. एकच खिडकी, सकाळची एकच वेळ, कोरडे केस आणि एकच लांबी हे ठरवून घ्यावे. समोरून, दोन्ही कपाळकोपऱ्यांतून, वरून आणि मध्ये भांग पाडून असे पाच फोटो घरातल्या दुसऱ्या माणसाकडून काढून घ्यावेत. पुढचे फोटो दर तीन महिन्यांनी काढावेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत केस कपाळाला चिकटतात आणि आहेत त्यापेक्षा विरळ दिसतात. त्यामुळे मे महिन्यातल्या फोटोची जुलैतल्या ओलसर केसांच्या फोटोशी तुलना करू नये.

चौथी पायरी : लावायचे औषध – मिनॉक्सिडिल

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबावरची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तिचे लावायचे द्रावण तयार झाले आणि अमेरिकेत १९८८ साली २ टक्के द्रावणाला पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली. हे औषध डीएचटीला हात लावत नाही. ते केसाचा वाढीचा काळ लांबवते आणि लहान झालेले मूळ पुन्हा मोठे व्हायला मदत करते. ज्यांना संप्रेरकांशी संबंधित गोळीची धास्ती वाटते, त्यांनी सुरुवात इथून करावी.

पुरुषांना सहसा ५ टक्के द्रावण, एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा सांगितले जाते. औषध फेसाच्या स्वरूपात असेल तर एका वेळी अर्धे झाकण. औषध केसांना लावायचे नसून कातडीला लावायचे असते, आणि गडबडीत नेमके हेच विसरले जाते. केस पूर्ण कोरडे असताना भांग पाडावा, ड्रॉपरने थोडे द्रावण थेट कातडीवर सोडावे, बोटाने हलके पसरावे, मग बोटभर अंतरावर दुसरा भांग पाडावा. विरळ भाग संपेपर्यंत असेच करत जावे आणि शेवटी हात साबणाने धुवावेत. त्यानंतर चार तास डोके भिजवू नये. सकाळी समुद्रावर पोहायला जाणाऱ्यांनी सकाळचा हप्ता परत येऊन, गोड्या पाण्याने न्हाल्यावर आणि केस वाळल्यावर लावावा. डोक्याला तेल लावले असेल तर औषध कातडीपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून रविवारचे तेल न्हाण्याच्या तासभर आधी लावून पूर्ण धुऊन काढावे. एप्रिल-मेच्या घामात द्रावण ओघळून कपाळावर येते आणि तिथे लव वाढते. रात्रीचा हप्ता झोपायच्या निदान दोन तास आधी, पंख्याखाली बसून लावला तर हा त्रास टळतो आणि औषध उशीलाही पुसले जात नाही. हेल्मेट घालण्यापूर्वीही ते पूर्ण वाळू द्यावे.

दोन सूचना घराच्या सुरक्षिततेच्या आहेत आणि त्या अगदी गंभीर आहेत. या द्रावणात मद्यार्क असतो, त्यामुळे देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसजवळ ते लावू नये. दुसरी गोष्ट मांजराची. मिनॉक्सिडिल मांजरांना अत्यंत विषारी आहे. उशीवर सांडलेले किंवा हाताला लागलेले थोडेसे औषध चाटूनही मांजर मरू शकते. ज्या घरात मांजर माणसाच्या उशाशी झोपते, त्या घरात हे औषध आणायचे की नाही याचा आधी विचार करावा.

सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळू लागतात आणि बहुतेक जण इथेच घाबरतात. विश्रांतीतले जुने केस नव्यांना जागा देण्यासाठी लवकर सुटतात, म्हणून हे घडते आणि काही आठवड्यांत थांबते. परिणामाचा अंदाज चार महिन्यांआधी येत नाही. खाज आणि कोंड्यासारखे पापुद्रे आले, तर दोष बहुधा द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो आणि ते नसलेला फेस अशा लोकांना सोसतो. छातीत धडधड, चक्कर किंवा पायांवर सूज आली तर औषध थांबवून डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरूच करू नये.

अलीकडे मिनॉक्सिडिलची गोळी अगदी कमी मात्रेत केसांसाठी दिली जाते. ती सोयीची असली तरी हा तिचा अधिकृत मान्यतेबाहेरचा वापर आहे. अंगावर केस वाढणे, घोट्याला सूज आणि वाढलेले ठोके हे तिचे परिणाम लक्षात घेऊन रक्तदाब तपासल्यावरच ती घ्यावी. बोटीवर नोकरीला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी वैद्यकीय तपासणीत ही गोळी सांगावी, पुरेसा साठा बरोबर ठेवावा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी.

पाचवी पायरी : पोटात घ्यायची गोळी – फिनास्टराइड

डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत ५-अल्फा रिडक्टेज हे विकर जन्मतःच कमी असते. तिथल्या अशा पुरुषांचे प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) लहान राहते आणि त्यांना या प्रकारचे टक्कल पडत नाही. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून हे विकर रोखणाऱ्या औषधाची दिशा मिळाली. फिनास्टराइड आधी १९९२ साली ५ मिग्रॅ मात्रेत प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली १ मिग्रॅ मात्रेत पुरुषी टकलासाठी अमेरिकेत मंजूर झाले. रक्तातला डीएचटी ते साधारण दोन-तृतीयांशाने कमी करते. दोन वर्षांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांची केससंख्या टिकली किंवा वाढली. औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होते. हे औषध मूळ कारणावर काम करते, म्हणून टाळूचा मधला भाग वेगाने विरळ होत असलेल्या प्रौढ पुरुषाने त्याचा विचार टाळू नये.

विचार टाळू नये याचा अर्थ डोळे मिटून घ्यावे असा नाही. पहिल्या वर्षाच्या चाचण्यांत लैंगिक स्वरूपाचे दुष्परिणाम गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांनी सांगितले. कामेच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे आणि वीर्याचे प्रमाण घटणे हे ते परिणाम. बहुतेकांत ते गोळी थांबवल्यावर जातात, पण थांबवल्यानंतरही त्रास राहिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत आणि त्या उडवून लावणे योग्य नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ साली आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले आहे. ज्याला पूर्वी नैराश्याचा त्रास झाला आहे, त्याने ते डॉक्टरांना आधी सांगावे. घरातल्या एका तरी माणसाला गोळी सुरू केल्याचे माहीत असावे, आणि मन उदास होऊ लागले तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना भेटावे. मूल हवे असलेल्या जोडप्याने हा विषय सुरुवातीलाच काढावा, कारण काही पुरुषांत वीर्यातली शुक्रजंतूंची संख्या कमी होते.

आणखी तीन गोष्टी. गर्भवती स्त्रीने तुटलेली किंवा चुरा झालेली गोळी हाताळू नये, कारण पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. स्वस्त पडते म्हणून ५ मिग्रॅची गोळी घरी सुरीने कापण्याची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर निदान महिनाभर रक्तदान करू नये. आणि प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी करताना गोळीची माहिती द्यावी, कारण आकडा साधारण निम्मा येतो आणि खरा धोका झाकला जातो. ही चिठ्ठीवर मिळणारी गोळी आहे. फार्मसीवाल्याच्या ओळखीवर ती मिळते म्हणून तशी घेऊ नये.

दोन्ही औषधे एकाच दिवशी सुरू करू नयेत, असे मी सुचवेन. एकत्र वापरल्यास परिणाम अधिक होतो हे खरे आहे, पण दोन-तीन महिन्यांचे अंतर ठेवले तर त्रास कोणामुळे झाला ते कळते. डुटास्टराइड ही फिनास्टराइडच्याच प्रकारची पण अधिक जोरदार गोळी शरीरातून जायला अनेक महिने घेते, म्हणून पहिले औषध म्हणून ती मागू नये.

स्त्रियांसाठी वेगळा मार्ग

स्त्रियांमध्ये कपाळाची रेषा बहुधा टिकते आणि भांग रुंद होतो. पाळी अनियमित असणे, हनुवटीवर राठ केस येणे आणि मुरुम ही लक्षणे सोबत असतील तर पीसीओएस या बीजकोश आणि संप्रेरकांच्या विकाराची तपासणी आवश्यक आहे. फेरिटिन कमी निघाले तर लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तितके महिने घ्यावी. मिनॉक्सिडिल २ टक्के दिवसातून दोनदा किंवा ५ टक्के फेस एकदा वापरतात, मात्र गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना ते टाळावे. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी फिनास्टराइड घेऊ नये. त्यांना कधी कधी पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन दिले जाते, पण त्यासोबत खात्रीचे गर्भनिरोधन लागते आणि गरजेप्रमाणे पोटॅशियम तपासावे लागते.

सहावी पायरी : वर्षभर थांबा, मग निर्णय घ्या

तिसऱ्या महिन्यात फक्त औषध सोसते का ते पाहावे, सहाव्या महिन्यात गळती कमी झाली का ते पाहावे आणि खरा निकाल बाराव्या महिन्यात फोटो शेजारी शेजारी ठेवून लावावा. केस होते तितकेच राहिले असतील, तर औषध काम करत आहे असे समजावे. मिनॉक्सिडिल सोडल्यास तीन-चार महिन्यांत आणि फिनास्टराइड सोडल्यास वर्षभरात मिळालेला फायदा निघून जातो. म्हणून वर्षाचा खर्च आणि रोजची दहा मिनिटे झेपतील का, हा हिशेब सुरू करण्याआधीच करावा. ते झेपत नसेल किंवा गोळीची भीती मनातून जात नसेल, तर केस बारीक कापून निश्चिंत राहणे हाही पूर्णपणे योग्य निर्णय आहे आणि डॉक्टरांसमोर तो निःसंकोच सांगावा.

वर्षानंतरही विरळ भाग वाढतच असेल, तर निदान पुन्हा तपासून घ्यावे आणि मग दुसऱ्या औषधाची जोड किंवा केशरोपण यांचा विचार करावा. विशीतल्या मुलाने पहिल्याच भेटीत रोपणाचे पॅकेज घेऊ नये, कारण रोपण मागचे केस पुढे आणते, मधले मूळचे केस गळायचे थांबवत नाही. पुढच्या ओळीमागे काही वर्षांत मोकळी जागा पडली, तर ती भरायला मागचा साठा अपुरा पडू शकतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली रोपण कोणी करावे याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि कार्यशाळेत किंवा चित्रफिती पाहून घेतलेले शिक्षण त्यासाठी पुरेसे नाही असे त्यांत म्हटले आहे. केंद्रात गेल्यावर छेद स्वतः डॉक्टर घेणार की तंत्रज्ञ, त्या डॉक्टरांची पदवी कोणती, आणि रोपणानंतर कोणते औषध किती वर्षे चालू ठेवायचे, ही तिन्ही उत्तरे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी घ्यावीत.